‘गोल्ड रेटिंग’ मिळालं म्हणजे लाइट बिल किती कमी येणार?

आमच्या सोसायटीच्या विशेष सर्वसाधारण सभेत बिल्डरच्या माणसाने पडद्यावर हिरवा शिक्का दाखवला. खाली लिहिलं होतं, ‘आयजीबीसी गोल्ड, प्री-सर्टिफाइड’. लोक टाळ्या वाजवायच्या बेतात होते, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका उभे राहिले. “छान आहे हो सगळं, पण लाइट बिल किती कमी येणार ते सांगा.” उत्तर आलं, “तीस टक्के ऊर्जाबचत, काका.” काका बसले नाहीत. “कशाच्या तीस टक्के?” नेमका तेव्हाच चहा आला आणि प्रश्न कपबशांच्या आवाजात विरून गेला.

मी मॅनेजिंग कमिटीत आहे, त्यामुळे तो प्रश्न माझ्या गळ्यात पडला. मुंबई-पुण्यात आज दर दुसऱ्या सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा चालू आहे आणि जवळपास प्रत्येक ब्रोशरवर असा एखादा हिरवा शिक्का असतो. त्या शिक्क्यामागे काय असतं, ते मला जसं उलगडत गेलं तसं सांगतो.

हा शिक्का देतं कोण?

पहिला गैरसमज हा की हे सरकारी प्रमाणपत्र आहे. महापालिका देते ती बांधकाम परवानगी, आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे आपली ‘ओसी’. हरित रेटिंग देणाऱ्या संस्था वेगळ्या. आपल्याकडे साधारण चार नावं कानावर पडतात. आयजीबीसी ही सीआयआय या उद्योग संघटनेने २००१ मध्ये सुरू केलेली परिषद. ‘ग्रिहा’ ही टेरी संस्थेने केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाबरोबर आणलेली भारतीय पद्धत, ती गोल्ड-सिल्व्हरऐवजी एक ते पाच तारे देते. ‘लीड’ अमेरिकेची. ‘एज’ जागतिक बँक समूहातल्या आयएफसीची. या सगळ्यांच्या आधीची पद्धत ब्रिटनची, १९९० सालची. म्हणजे हा प्रकार पस्तीस वर्षांचा जुना आहे, आपल्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर तो आत्ता पोचला इतकंच.

चौघींचे नियम वेगळे आहेत. त्यामुळे ‘ग्रीन सर्टिफाइड’ एवढंच कोणी म्हणालं तर ते ‘मुलगा पास झाला’ म्हणण्यासारखं आहे. कुठल्या बोर्डात, कुठल्या परीक्षेत, किती मार्कांनी, हे विचारायचंच राहिलं.

पेपर असतो कसा?

परीक्षेचंच उदाहरण पुढे नेऊ. काही प्रश्न सक्तीचे असतात, ते सुटले नाहीत तर बाकी मार्क कितीही असोत, नापास. उरलेले ऐच्छिक. ऊर्जा, पाणी, बांधकामाचं साहित्य, जागेचं ठिकाण, घरातली हवा-उजेड असे विभाग, आणि त्यात जे सोपं आणि स्वस्त ते आधी सोडवायची मुभा. लीडचं उदाहरण घ्या. एकूण ११० मार्क. ४० ला नुसतं ‘सर्टिफाइड’, ५० ला सिल्व्हर, ६० ला गोल्ड, ८० ला प्लॅटिनम. म्हणजे गोल्ड हे साधारण पंचावन्न टक्क्यांचं नाव आहे. दहावीला पंचावन्न टक्के मिळवलेल्या मुलाचा फोटो आपण फ्लेक्सवर लावत नाही!

यात पुनर्विकासाला एक फुकटचा फायदा असतो. जुनी सोसायटी सहसा शहराच्या आत असते. बस चालत्या अंतरावर, बाजार कोपऱ्यावर, शाळा, दवाखाना, सगळं जवळ. ‘ठिकाण’ विभागातले बरेच मार्क त्यामुळे एक वीट न रचता मिळतात. यात लबाडी काही नाही. स्टेशनजवळ राहणारा माणूस गाडी कमी काढतो, आणि शहराबाहेर माळरानावर बांधलेल्या झगमगीत ‘ग्रीन टाउनशिप’पेक्षा हे खरोखर बरं आहे. फक्त ही पुण्याई तुमच्या वडिलांनी १९७८ साली तिथे फ्लॅट घेतला त्याची, बिल्डरची नव्हे.

म्हणून नुसती ‘गोल्ड’ ही पदवी न बघता मार्कशीट मागायची. ऊर्जेत किती, पाण्यात किती, आणि सायकल स्टँड, माहितीफलक वगैरेंतून किती, हे तिच्यात दिसतं. प्रकल्पाच्या हरित सल्लागाराकडे हा तक्ता असतोच, कारण त्याशिवाय अर्जच भरता येत नाही.

कशाच्या तीस टक्के?

आता काकांचा प्रश्न. रेटिंगमधली बचत मोजताना तुमच्या जुन्या इमारतीशी तुलना होत नाही. तुलना होते ती एका कागदावरच्या इमारतीशी. तेवढीच उंच, तेवढेच फ्लॅट, पण भिंती, काचा, दिवे, पंप सगळं ठरलेल्या संहितेपुरतं, किमान दर्जाचं. तिला ‘बेसलाइन’ म्हणतात. संगणकावर दोन्ही इमारती वर्षभर ‘चालवून’ बघतात. खरी इमारत कागदावरच्या इमारतीपेक्षा तीस टक्के कमी वीज घेते असं निघालं की झाली तीस टक्के बचत.

पद्धत चुकीची नाही, तुलना कशाशी तरी करावीच लागते. पण आमची जुनी इमारत आठवा. तळमजला अधिक तीन. लिफ्ट नाही. पाण्याचा एक पंप, जिन्यात चार बल्ब. नव्या इमारतीत दोन लिफ्ट, त्यातली एक स्ट्रेचर जाईल एवढी. तळघरात पार्किंग, म्हणजे दिवसाही दिवे आणि हवा खेचणारे पंखे. अग्निशमनाचे पंप, सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा, गेटवर बूम बॅरियर, लॉबीत झुंबर. कागदावरच्या इमारतीपेक्षा हे सगळं तीस टक्क्यांनी काटकसरी असेलही, पण आमच्या चार बल्बांपेक्षा ते कित्येक पटींनी जास्तच असणार.

तर काका, उत्तर असं. घरातलं बिल थोडं कमी येऊ शकतं, म्हणजे भिंती-खिडक्या चांगल्या असतील आणि तुम्ही एसी आत्ताइतकाच लावलात तर. पण मेंटेनन्समधला कॉमन लाइटचा हिस्सा वाढणार, रेटिंग गोल्ड असो वा प्लॅटिनम. आणि संगणकावरचा आकडा हा गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या अ‍ॅव्हरेजसारखा असतो. रस्त्यावर किती पडेल ते चालवणाऱ्यावर.

पण सोलर बसवणारच आहेत ना?

बसवणार. इथे जरा हिशेब करू, कारण ब्रोशरमध्ये गच्चीवरची निळी पॅनेल नेहमी फार देखणी दिसतात.

एक किलोवॉट सौर पॅनेलला ढोबळमानाने १० चौरस मीटर मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि त्यातून वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट वीज मिळते. समजा गच्ची ४०० चौरस मीटरची आहे. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, आग लागल्यास जमायची जागा हे सोडून निम्मी उरली. २०० चौरस मीटरवर २० किलोवॉट, दिवसाला ८० युनिट. जुन्या चार मजली इमारतीत १६ फ्लॅट असतील तर हे प्रत्येकी ५ युनिट झाले, म्हणजे घर जवळपास चालेल. नव्या वीस मजली इमारतीत ८० फ्लॅट असतील तर प्रत्येकी १ युनिट.

गच्ची तेवढीच, खाणारी तोंडं पाचपट. उंच इमारतीचं सौरऊर्जेशी असलेलं हे नातं कुठलंच रेटिंग बदलू शकत नाही. तरी पॅनेल बसवावीतच. ते ८० युनिट लिफ्ट-पंपांना लावले तर मेंटेनन्स खरंच हलका होतो, आणि २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदानही आहे. फक्त ‘सोलर पॉवर्ड होम्स’ हे शब्द वाचून घरातल्या एसीची स्वप्नं बघू नयेत.

बिल्डरला एवढा उत्साह का?

पर्यावरणाची कळकळ असेलही, मी कोणाच्या मनात शिरलेलो नाही. पण एक कारण थेट नियमावलीत लिहिलेलं आहे. एफएसआय म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल तो आकडा. डिसेंबर २०२० मध्ये आलेली राज्याची एकत्रित विकास नियमावली, जिला सगळे ‘यूडीसीपीआर’ म्हणतात, ती मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला लागू आहे. तिच्यात हरित इमारतीला मूळ एफएसआयवर जादा बांधकाम मिळतं. ग्रिहाचे तीन तारे किंवा आयजीबीसी अथवा लीडचं सिल्व्हर असेल तर ३ टक्के, चार तारे किंवा गोल्डला ५ टक्के, पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७ टक्के. मुंबईची नियमावली वेगळी, तिथे हे आकडे तसेच उचलून लावू नका.

२,००० चौरस मीटरचा भूखंड आणि १.१ मूळ एफएसआय धरा. २,२०० चौरस मीटर झाले. गोल्डचे ५ टक्के म्हणजे ११० चौरस मीटर, जवळपास १,१८० चौरस फूट. तुमच्या भागातल्या दराने गुणा आणि मग रेटिंगची फी, सल्लागार, जरा चांगली काच, एलईडी दिवे यांचा खर्च त्यातून वजा करा. ‘ग्रीन केल्यामुळे खर्च वाढतो, म्हणून तुमचा कॉर्पस कमी करावा लागेल’ (कॉर्पस म्हणजे पुनर्विकासात बिल्डर सोसायटीला देतो तो निधी) असं कोणी म्हणालं, तर हा गुणाकार कागदावर करून समोर ठेवायचा. हे जादा क्षेत्र तुमच्या जमिनीवर मिळतं. त्यातला वाटा मागण्यात लाजण्यासारखं काही नाही, पण मागायचा तो विकास करारनाम्यावर सह्या होण्याआधी.

‘प्री-सर्टिफाइड’ हा शब्द नीट वाचा

प्री-सर्टिफिकेशन म्हणजे साखरपुडा. लग्न अजून व्हायचंय.

नकाशे आणि वचनं बघून संस्था सांगते की असं बांधलंत तर गोल्ड मिळू शकेल. जादा एफएसआय या टप्प्यावरच मिळतो. प्रत्यक्ष बांधकामानंतर कागदपत्रं, बिलं, फोटो, पाहणी हे सगळं होऊन अंतिम प्रमाणपत्र येतं, आणि मधल्या तीन-चार वर्षांत बरंच काही बदललेलं असतं. दुहेरी काचेच्या जागी एकेरी आलेली असते. नकाशातला छज्जा बाहेरून ‘क्लीन लुक’ यावा म्हणून गेलेला असतो.

नियमावलीने यावर तोड ठेवली आहे. कबूल केलेलं रेटिंग ओसीच्या वेळी मिळालं नाही, तर न मिळालेल्या रेटिंगच्या जादा क्षेत्रासाठी रेडीरेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे, जमिनीच्या किमतीच्या दुप्पट दंड आहे. दंड बिल्डरला, हे खरं. पण तो वाद घालत बसला आणि त्यात ओसी अडकली तर भाड्याच्या घरात आपणच असतो. म्हणून ‘अंतिम रेटिंग न मिळाल्यास दंड विकासकाचा, आणि ओसी मिळेपर्यंत भाडं चालू’ ही ओळ आमच्या वकिलांनी करारनाम्यात घालायला लावली. बिल्डरने थोडी कुरकुर केली, पण घातली.

यंत्रणा बसली की काम झालं का?

माझी बहीण पुण्यात एका अशाच प्रमाणित इमारतीत राहते. तिथे सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा आहे, ज्याला सगळे ‘एसटीपी’ म्हणतात. आंघोळीचं, भांड्यांचं, संडासाचं पाणी तिथे येतं, जिवाणू त्यातली घाण खातात, आणि शुद्ध झालेलं पाणी वेगळ्या नळाने पुन्हा फ्लशला जातं. त्या जिवाणूंना हवा लागते, ती देणारा ब्लोअर जवळपास दिवसरात्र चालतो. बिल्डर गेल्यावर दुसऱ्याच वर्षी कमिटीने बिल वाचवायला ब्लोअर रात्री बंद ठेवायला सुरुवात केली. पंधरा दिवसांत फ्लशला पिवळट, वास मारणारं पाणी. लोकांनी आरडाओरडा केला, मग प्लंबरने एका दुपारी फ्लशची लाइन पिण्याच्या पाण्याच्या टाकीला जोडून दिली. तेव्हापासून उन्हाळ्यात टँकर येतात. ज्या लॉबीतून त्यांचे पैसे द्यायला वॉचमन खाली जातो, तिथे भिंतीवर प्रमाणपत्राची पितळी पाटी आहे. चकचकीत. बाई रोज पुसते.

पाटी खोटी नाही. प्रमाणपत्र दिलं त्या दिवशी यंत्रणा चालू होती. नव्या बांधकामाचं रेटिंग हे जन्माच्या वेळचं वजन आहे, पुढची तब्येत ते सांगत नाही. चालू इमारतींसाठी वेगळी रेटिंग असतात, खऱ्या बिलांवर आणि मीटरच्या आकड्यांवर आधारलेली. लीडमध्ये ते प्रमाणपत्र तीन वर्षांनी पुन्हा मिळवावं लागतं. ब्रोशरवर मात्र हे दुसऱ्या जातीचं रेटिंग दिसत नाही, कारण तोवर विकायला फ्लॅट उरलेले नसतात.

म्हणून लिफ्ट, पंप, एसटीपी, पार्किंगचे दिवे यांना वेगवेगळे सबमीटर हवेत. नाहीतर कॉमन बिल फुगलं की कोण खातंय ते कळत नाही, आणि गळा नेहमी एसटीपीचाच धरला जातो. पहिली दोन वर्षं ती बिल्डरने चालवून दाखवावी, हेही करारातच. पुण्यासारख्या काही महापालिका सौर, गांडूळ खत, पावसाचं पाणी साठवणं यांसाठी मिळकतकरात सवलत देतात, पण तीही यंत्रणा चालू ठेवली तरच.

मुळात चांगली इमारत पाडायची आणि वर ‘हरित’ म्हणायचं?

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, आणि सभेत तो कोणी काढत नाही, कारण नवा फ्लॅट सगळ्यांनाच हवा असतो. मलाही हवाय.

सिमेंट चुनखडी भाजून होतं. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की त्यातला ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. हा इंधनाचा धूर नव्हे, दगडातूनच निघणारा वायू. भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी तो निघणारच. भट्टीचं इंधन धरलं तर एक टन क्लिंकरमागे, म्हणजे दळून सिमेंट होण्याआधीच्या त्या भाजलेल्या गोळ्यांमागे, साधारण ०.८ ते ०.९ टन. वर लोखंड, काच, अ‍ॅल्युमिनियम. इमारत उभी राहीपर्यंत झालेल्या या उत्सर्जनाला ‘अंतर्भूत कार्बन’ म्हणतात. रोजच्या वापरातला कार्बन तुम्ही पुढे दिवे बदलून कमी करू शकता. हा आधीच उधळलेला असतो. जुन्या इमारतीत तो चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी खर्च होऊन गेलेला. ती पाडली की तो खर्च पाण्यात आणि नव्याने दुसरा सुरू.

रेटिंग पद्धती याकडे अगदीच डोळेझाक करतात असं नाही. फ्लाय अ‍ॅश किंवा पोलाद कारखान्यातली मळी मिसळलेल्या सिमेंटला मार्क असतात, डेब्रिसचा पुनर्वापर केला तर मार्क असतात. एजमध्ये तर साहित्यातही किमान २० टक्के बचत दाखवावी लागते. पण ‘ही इमारत पाडायलाच हवी होती का’ हा प्रश्न सक्तीचा नसतो. सिडनीत १९७६ सालच्या एका टॉवरचा जवळपास दोन-तृतीयांश सांगाडा तसाच ठेवून २०२२ मध्ये त्याच जागी नवा, मोठा टॉवर उभा राहिला. आपल्याकडे असं का होत नाही? एक तर एफएसआयचं गणित पाडण्याच्या बाजूने आहे. आणि दुसरं, प्रामाणिकपणे सांगायचं तर, आपल्या कित्येक इमारतींचा सांगाडा ठेवण्याजोगा राहिलेला नाही. आमच्या जिन्याखालच्या बीमचं प्लास्टर गेल्या पावसाळ्यात गळून पडलं, तेव्हा आतली सळई बोटाने चुरली जात होती. मुंबईत अशा इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये ‘सी-१’ म्हणतात, म्हणजे तातडीने रिकामी करून पाडा. तिथे कार्बनचा हिशेब करत बसण्यात अर्थ नाही. पण ऑडिटमध्ये ‘सी-३’, म्हणजे किरकोळ दुरुस्ती, असं आलेली पंचवीस वर्षांची धडधाकट इमारत पाडून कोणी हरित प्लॅटिनम मिरवत असेल, तर मला त्यात गंमत वाटते.

मग रेटिंग नकोच?

हवं. एक तर त्यामुळे बिल्डरला काही गोष्टी कागदावर मान्य कराव्या लागतात, नाहीतर तोंडी वचनांना कोण विचारतो? दुसरं, त्यातल्या पाण्याच्या गोष्टी फार चोख काम करतात. जुनी फ्लशची टाकी एका वेळी दहा-बारा लिटर ओतायची, नवी तीन आणि सहा लिटरमध्ये भागवते. ही बचत कोणी ब्लोअर बंद करून घालवू शकत नाही.

उष्णतेचंही तसंच. केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेत एक आकडा आहे, ‘आरईटीव्ही’. गच्ची सोडून बाकी भिंती-खिडक्यांमधून सरासरी किती उष्णता आत शिरते, तो. मर्यादा दर चौरस मीटरला १५ वॉट. सभेत रंगीत शिक्क्यापेक्षा हा एक आकडा विचारा. हरित सल्लागार तो पटकन सांगतो, का त्याला पीएमसीकडे, म्हणजे सोसायटीने नेमलेल्या प्रकल्प सल्लागाराकडे, बघावं लागतं, त्यावरूनही बरंच कळतं. आमच्या जुन्या इमारतीला खिडकीवर दीड फुटाचा छज्जा होता. दुपारचं ऊन आणि पावसाची झड दोन्ही तो अडवायचा, आणि त्याला कोणी मार्क दिले नव्हते. नव्या नकाशात पश्चिमेला छतापासून जमिनीपर्यंत काच होती. आता तिथे छज्जा परत आला आहे. रेटिंगमुळे नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी हट्ट धरला म्हणून. “कपडे कुठे वाळत घालू?” हा त्यांचा मुद्दा होता.

आणि काकांनी शेवटी आपला प्रश्न स्वतःच सोडवायला घेतला. त्यांनी बिल्डरला पत्र दिलं आहे: तुमच्या आधीच्या गोल्ड इमारतीची गेल्या बारा महिन्यांची कॉमन मीटरची बिलं आणि टँकरची बिलं दाखवा. आठवडाभर उत्तर आलं नाही. परवा काका बसने त्या इमारतीत जाऊन आले, तिथल्या सेक्रेटरींबरोबर चहा घेतला आणि बिलांचे फोटो मोबाइलमध्ये काढून आणले. रविवारच्या सभेत ते पडद्यावर लावायचे आहेत, प्रोजेक्टर त्याच बिल्डरचा आहे.